वाढ कोणाची?

मोहफुलांच्या टोपल्या अंगणाअंगणांत ओतल्या गेल्या आहेत, त्यांच्या गोडसर वासाने गावाच्या शिवेपर्यंतची हवा जड झाली आहे, आणि तेंदूच्या हंगामाला अद्याप काही दिवसांचा अवकाश आहे, अशा एप्रिलातल्या एका सकाळी गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील एका लहानशा गावी शाखा डाकघराच्या ओसरीवर मी एका वृद्ध बाईंना त्यांचे बचतखात्याचे पुस्तक वाचून दाखवीत बसलो होतो. शाळेतून निवृत्त झाल्यापासून लोकांचे अर्ज लिहून देणे, कोणत्या दाखल्यासाठी कोणत्या कचेरीत जावे ते सांगणे आणि पासबुकातील नोंदींचा अर्थ लावून देणे हे काम माझ्याकडे आपोआप चालत आले आहे, आणि ते मला मनापासून आवडते. पुस्तकातील शेवटची नोंद व्याजाची होती. दोन हंगामांपूर्वी तेंदूच्या मजुरीतून मागे टाकलेले ९००० रुपये बाईंनी वर्षभर हलविले नव्हते, द.सा.द.शे. ४ प्रमाणे त्यांवर ३६० रुपये जमा झाले होते.

‘‘हे तीनशे साठ कायचे जी, गुरुजी?’’ बाईंनी विचारले.

‘‘व्याज आहे, माय. तुमचे पैसे वर्षभर सरकारकडे राहिले, त्याचं.’’

त्या थोडा वेळ पुस्तकाकडे पाहत राहिल्या. त्यांना अक्षरे येत नाहीत, आकडे मात्र येतात. मग म्हणाल्या, ‘‘मी त काहीच केली नाही. मंग हे पैसे कोनाचे?’’

त्यांचा नातू शेजारी उभा होता. तो चंद्रपुरात कामाला असतो, आणि त्याचा प्रश्न अगदीच निराळा होता. ‘‘गुरुजी, आजीले सांगा ना, यापेक्षा जास्त देनारे खाते असतात म्हणून. चार टक्क्यात काय होते जी?’’

एकाच ओसरीवर, एकाच पुस्तकातल्या एकाच ओळीवरून, दोन पिढ्यांनी विचारलेल्या या दोन प्रश्नांनी पुढे कित्येक दिवस माझी पाठ सोडली नाही. नातवाच्या प्रश्नाला उत्तर होते, आणि ते मी त्याला यथाशक्ती दिलेही. आजीच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आज मात्र माझी अशी समजूत होत चालली आहे की, उत्तम खाते कोणते या प्रश्नाची वाटदेखील शेवटी आजीच्याच प्रश्नावरून जाते.

आपल्या भाषेने या एका शब्दाभोवती जी जुनी शंका जपून ठेवली आहे, तिच्यापासून आरंभ करणे मला सोईचे वाटते. संस्कृतात ‘व्याज’ म्हणजे मिष, निमित्त, कपट. निंदेच्या मिषाने स्तुती किंवा स्तुतीच्या मिषाने निंदा केली असता साहित्यशास्त्रकार तिला व्याजस्तुती म्हणतात. आणि ज्या प्रेमात आडपडदा नाही, हिशेब नाही, त्याला आपण आजही निर्व्याज प्रेम म्हणतो. मुद्दलावरील वाढीसाठी प्राचीन ग्रंथकारांचे शब्द वेगळे आहेत : वृद्धी आणि कुसीद. मिषाचा अर्थ असलेला शब्द मराठीत सावकाराच्या चोपडीत कसा जाऊन बसला, याचा निर्णय व्युत्पत्तिशास्त्र्यांनी करावा. परंतु ज्या भाषेत आईच्या मायेला निर्व्याज म्हणतात आणि कर्जावरील आकाराला व्याज म्हणतात, त्या भाषेत वाढणाऱ्या माणसाच्या मनात या व्यवहाराविषयी एक सूक्ष्म संकोच न कळत रुजलेला असला, तर त्यात नवल नाही.

हा संकोच शास्त्रकारांनाही होता, आणि त्यांनी तो मर्यादा घालून शमविण्याचा प्रयत्न केला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शंभर पणांस दरमहा सव्वा पण ही धर्म्य वृद्धी सांगितली आहे. मनुस्मृतीतही वसिष्ठाच्या नावाने मुद्दलाचा ऐंशीवा भाग दरमहा घ्यावा असे आहे, म्हणजे तोच दर. आमच्या खेड्यांत व्याज आजही महिन्याच्याच हिशेबाने, ‘शेकडा दोन’, ‘शेकडा तीन’ असे बोलले जाते, त्यामुळे कौटिल्याचा हा ‘शेकडा सव्वा’ आमच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. वर्षाला तो पंधरा टक्के भरतो. परंतु त्याच ठिकाणी पुढे कौटिल्य सांगतो की व्यापारी व्यवहारात पाच पण, अरण्यातून जाणाऱ्यांस दहा पण, आणि समुद्रावर जाणाऱ्यांस वीस पण आकारावेत. अरण्याचा दर धर्म्य दराच्या आठपट! कारण उघड आहे. अरण्यात माल लुटला जाण्याचे, मनुष्य परत न येण्याचे भय मोठे, आणि भयाची किंमत धनकोने घ्यावयाचीच. पण ज्यांचे घरच अरण्यात आहे, ज्यांना तेथे कोणतेही भय वाटत नाही, त्यांनीही मैदानातल्या माणसाच्या भयाची किंमत शतकानुशतके भरली, ही गोष्ट या ओळी वाचताना माझ्या मनातून जात नाही. पेरणीच्या वेळी उसने घेतलेले धान कापणीनंतर दीडपटीने परत करावयाचे, या वाढीदिढीच्या व्यवहाराने झाडीपट्टीतल्या किती बांध्या मालकांच्या हातून गेल्या असतील, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात पुरता सापडावयाचा नाही.

वाढीला वरची सीमा असावी, हे मात्र आपल्या परंपरेने निःसंदिग्धपणे मानले. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक होता कामा नये, हा दामदुपटीचा नियम स्मृतींतून निघून इंग्रजी अमलातल्या न्यायालयांपर्यंत टिकून राहिला. इतरत्र तर निषेधच अधिक कडक. ग्रीक भाषेत व्याजाला आणि अपत्याला एकच शब्द आहे, आणि ॲरिस्टॉटलचा आक्षेप नेमका त्याच ठिकाणी होता की, नाण्याला पिल्ले व्हावीत ही सर्व अर्जनांत निसर्गाला सर्वाधिक सोडून असलेली गोष्ट होय. कुराणात व्यापाराला अनुज्ञा आहे, रिबाला नाही. आणि आपल्या तुकोबांच्या घरी तर पिढीजात महाजनकी होती. कर्जखतांतला आपल्या वाट्याचा अर्धा भाग त्यांनी इंद्रायणीत बुडविला, आणि उरलेला अर्धा धाकट्या भावाच्या स्वाधीन केला, ही कथा महाराष्ट्रातल्या मुलांना शाळेत जाण्याच्या आधीपासून ठाऊक असते. त्या कथेतील दुसरा भाग मला पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. भावाच्या वाट्याचा त्याग आपण करू नये, एवढा विवेक त्या महान विरक्तीतही शाबूत होता.

येथपर्यंत आल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, आणि तिने माझ्या विचाराची दिशाच पालटली. हे सर्व स्मृतिकार, तत्त्वज्ञ आणि संत ज्याला उद्देशून बोलत होते तो धनको बलवान होता आणि ऋणको दुर्बळ होता. म्हणून त्यांनी वरची सीमा आखली. खालच्या सीमेचा विचार करण्याचे त्यांना कारणच पडले नाही. बचतखात्यात हा संबंध उलटा झालेला आहे. धानोऱ्याकडची ती वृद्ध बाई येथे धनको आहे, आणि तिच्या नऊ हजारांचा ऋणको कोण, तर भारत सरकार. चंद्रपुरातल्या एखाद्या निवृत्त खाणकामगाराने बँकेत बचत ठेवली, तर धनको तो आहे आणि ऋणको ती बँक आहे, जिच्या दारात तो वहाणा पुसून आत जातो. दर ठरविणारा ऋणको, आणि तो मुकाट्याने मान्य करणारा धनको! असा व्यवहार मनूने पाहिला असता तर त्याने काय लिहिले असते, हे मी सांगू शकत नाही. परंतु ज्या धर्मबुद्धीने दुर्बळ ऋणकोसाठी वरची सीमा आखली, तीच धर्मबुद्धी दुर्बळ धनकोसाठी खालच्या सीमेचा विचार केल्याशिवाय राहिली नसती, असे मला निश्चित वाटते.

आता त्या दरांचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण नातवाला तोच हवा होता. १ एप्रिल १८८२ रोजी या देशातील डाकघरांत बचत बँकेचा कारभार सुरू झाला, तेव्हा पाच रुपयांवर दरमहा तीन पै व्याज मिळे. वर्षाला ते पावणेचार टक्के होते. म्हणजे सुमारे दीड शतकाच्या उलाढालीनंतर डाकघरातील साध्या खात्याचा आजचा ४ टक्क्यांचा दर, जो डिसेंबर २०११ पासून तसाच आहे, त्या पहिल्या दिवसापेक्षा अवघ्या पाव टक्क्याने पुढे आहे. बँकांच्या बचतखात्यांचा दर पूर्वी रिझर्व्ह बँक ठरवून देत असे. २००३ पासून २०११ पर्यंत तो साडेतीन टक्के होता, आणि २५ ऑक्टोबर २०११ पासून तो ज्या त्या बँकेच्या मर्जीवर सोपविण्यात आला. त्या मोकळिकीनंतर काही लहान बँकांनी दर चढविले हे खरे. पण ज्या स्टेट बँकेची शाखा आमच्या तालुक्यांच्या गावी असते, तिचा दर २०१७ साली बहुतेक ठेवीदारांसाठी चारावरून साडेतीनांवर, २०२० साली २.७० वर आणि २०२५ साली अडीच टक्क्यांवर आला. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी ते जून २०२५ या अवधीत आपला रेपो दर साडेसहावरून साडेपाचावर आणला. कर्जे स्वस्त झाली, आणि कर्जे स्वस्त करावयाची तर त्याची झळ ठेवीदारापर्यंत पोहोचावयाचीच. घर बांधणाऱ्याला त्याने दिलासा मिळतो, कारखानदाराला मिळतो, आणि त्या दिलाशाची रक्कम ज्यांच्या खात्यांतून वजा होते त्यांना कोणी विचारीत नाही.

मग नातवाने म्हटले तसे अधिक देणारे खाते शोधू नये काय? शोधावे, अवश्य शोधावे. दारिद्र्यात राहून दराविषयी उदासीन असणे याला मी वैराग्य म्हणणार नाही. आम्ही दोघांनी ओसरीवर बसून हिशेब मांडला. नऊ हजारांवर अडीच टक्क्यांनी २२५ रुपये, चार टक्क्यांनी ३६०, आणि एखाद्या लघुवित्त बँकेने सात टक्के दिले असे धरले तर ६३०. डाकघर आणि ती बँक यांत वर्षाला २७० रुपयांचा फरक. रोजगार हमीची महाराष्ट्रातील मजुरी २०२५-२६ सालासाठी दिवसाला ३१२ रुपये होती. आता त्या बँकेची शाखा जिल्ह्याच्या गावी किंवा त्याहूनही दूर. बाईंना एकदा जरी पैसे काढण्यासाठी तेथे जावे लागले, तरी एक दिवसाची मजुरी बुडते, आणि बसचे भाडे वेगळेच. वर्षभराच्या अधिक व्याजाची एका खेपेतच समाप्ती होते. पैसे लाखांत असते तर हिशेब निराळा झाला असता. ज्यांची शिल्लक मोठी, त्यांच्यासाठी दरातला प्रत्येक दशांश अर्थपूर्ण असतो. ज्यांची लहान, त्यांच्यासाठी अंतर हाच खरा दर असतो. भामरागडला इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा यांचा संगम आहे, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की पुलावरून पाणी जाऊन ते गाव बाहेरच्या जगापासून तुटते. अशा दिवशी अंगणात मूल तापाने फणफणत असेल, तर नदीपलीकडच्या सात टक्क्यांपेक्षा घराजवळच्या हाती येणाऱ्या चार टक्क्यांचे मोल किती अधिक, हे तेथल्या आईला विचारावे.

आणि येथे मला माझ्या स्वतःच्या आयुष्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती वगळून नातवाला उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. मुलीच्या उच्च शिक्षणासाठी म्हणून मी एके काळी माझी बरीचशी शिल्लक एका पतसंस्थेत मुदतठेवीत गुंतविली होती. बँकेपेक्षा तेथे तीन टक्के अधिक मिळत, संचालक ओळखीचे होते, आणि पहिली दोन वर्षे व्याज बिनचूक आले. मुदत भरली त्या वेळी संस्थेच्या दाराला कुलूप होते. बँकांतील ठेवींना, सहकारी बँकांतीलसुद्धा, ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत आहे, त्यापूर्वी एक लाख होते. पतसंस्थेला ते नाही, ही गोष्ट मला त्या कुलपासमोर उभे राहिल्यावर कळली. मी शिक्षक होतो, चक्रवाढ व्याजाची गणिते मी मुलांना वर्षानुवर्षे सोडवून दाखविली होती! पण त्या दुःखापेक्षा पुढे मनाला जे अधिक बोचत राहिले ते हे की, ते तीन टक्के कोठून येत होते हे मी दोन वर्षांत एकदाही विचारले नव्हते. मला अधिक मिळत होते याचा अर्थ कोणीतरी अधिक भरत होते, किंवा कोणीच भरत नव्हते आणि नव्या ठेवीदाराची रक्कम जुन्याच्या हाती जात होती. दोन्ही पक्षी मला जे मिळाले त्यावर माझा हक्क होता काय? ‘मी त काहीच केली नाही, मंग हे पैसे कोनाचे?’ हा प्रश्न ज्या दिवशी मला पडावयास हवा होता त्या दिवशी पडला नाही, आणि धानोऱ्याच्या ओसरीवर एका निरक्षर बाईंनी तो विचारला तेव्हा माझी मान खाली गेली ती यामुळे.

आता त्या प्रश्नाला सामोरे जाऊ. डाकघरातील तो ३६० रुपयांचा आकार आकाशातून पडलेला नाही. अल्पबचतीच्या ठेवी १९९९ पासून राष्ट्रीय अल्पबचत निधीत जमा होतात, त्या निधीतून सरकारांना कर्जे दिली जातात, आणि त्या कर्जांवरील व्याज सरकार जे भरते ते अखेर जनतेच्या करांतून. आमच्या बाई काडेपेटी विकत घेतात, साबणाची वडी घेतात, त्यांतही कराचा अंश असतो. तेव्हा त्यांच्या ३६० रुपयांत त्यांचेच काही पैसे फिरून आलेले असतील. बँकेतील व्याजाची वाट याहून लांब आहे : ते कोणा घरबांधणाऱ्याच्या हप्त्यातून येते, कोणा ट्रॅक्टर घेणाऱ्या शेतकऱ्याच्या विक्रीतून येते, कोणा दुकानदाराच्या नफ्यातून येते. देणारा सर्वत्र आहे, फक्त दिसत नाही. त्या न दिसणाऱ्या देणाऱ्यासाठी भाषेने आडपडद्याचा शब्द योजला, हे मला आता योगायोगापेक्षा काही अधिक वाटू लागले आहे.

या जिल्ह्यांत वाढीची दुसरी रूपे डोळ्यांसमोर उभी असतात, आणि त्यांत आडपडदा नसतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या टापूत जुन्या तलावांची जी रांग आहे, ज्यांना मालगुजारी गेल्यावर माजी मालगुजारी तलाव आणि लोकांच्या तोंडी मामा तलाव म्हणू लागले, ते तलाव म्हणजे पाण्याची बचतखातीच होत. ज्याने स्वतःच्या खर्चाने तलाव बांधला त्याला त्याच्या पाण्याखालील जमीन सवलतीने द्यावयाची, अशी गोंड राजांच्या काळापासूनची एक वहिवाट होती, तिला तुकूम म्हणत. चंद्रपूर शहरातल्या एका वस्तीने ते नाव आजवर जपले आहे. श्रावणात भरलेले पाणी अश्विनात धानाला मिळते, आणि वाढ कोणी दिली हे बांधावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते : पाऊस, पाळीवर माती टाकणारे हात, गाळ उपसणारे हात. पण हेच तलाव आणखीही एक गोष्ट शिकवितात. वैशाखात त्यांतले पाणी कोणी न काढताही घटते. ऊन ते पिऊन टाकते. भाववाढीचे ऊन असेच आहे. किमती वर्षाला अडीच टक्क्यांहून अधिक वेगाने चढू लागल्या की, अडीच टक्क्यांच्या खात्यातली शिल्लक आकड्याने वाढत असूनही तांदळाच्या मापाने घटत जाते. मग जिला आपण वाढ म्हणतो ती वाढ तरी आहे काय? पुष्कळ वेळा ती झिजेची अपुरी भरपाई असते. ही भरपाई घेण्यात संकोच वाटण्याचे कोणालाही कारण नाही, आणि व्याजाविरुद्धचा जुना आक्षेप तेवढ्यापुरता तरी गळून पडतो. ज्याच्याकडून शंभर पायल्या धान घेतले, त्याला वर्षाने शंभरच पायल्यांइतके मोल परत मिळावे, यात नाण्याला पिल्ले झाली असे ॲरिस्टॉटलही म्हणणार नाही.

तथापि खरीखुरी वाढ म्हणूनही एक आहे, आणि तिच्याशी कसे वागावे हे गोंड व माडिया गावांतल्या पंडुमांनी, म्हणजे सणांनी, मला शिकविले, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो. आंब्याचा पंडुम झाल्याशिवाय गावाने आंबा उतरवावयाचा नाही. बियाण्याचा पंडुम झाल्याशिवाय पेरावयाचे नाही. नवे धान पेनांना, म्हणजे देवांना, आणि पूर्वजांना दिल्याशिवाय चुलीवर चढवावयाचे नाही. बाहेरून येणारे अधिकारी याला कधी अंधश्रद्धा म्हणतात, कधी निसर्गसंवर्धन म्हणून गौरवितात. फळ पुरते पिकेपर्यंत झाडाला हात लागत नाही, हा लाभ त्यात आहेच. पण मला त्यातला गाभा निराळा दिसतो. जे मी निर्माण केले नाही ते माझे होण्यापूर्वी, ते ज्याचे आहे त्याचे नाव घेतले पाहिजे, आणि तेही एकट्याने नव्हे, सगळ्या गावाने एका दिवशी. आजीच्या मनात ३६० रुपयांविषयी जो प्रश्न उठला तो या संस्कारातून उठला, याविषयी माझ्या मनात शंका नाही. त्या पैशांचा पंडुम झालेला नव्हता.

साठविणेच मुळात श्रद्धेच्या विरुद्ध आहे काय, हाही प्रश्न आमच्याकडे विचारला जातो. अपरिग्रहाचे व्रत सांगणारे कीर्तनकार तो विचारतात, आणि उद्याची चिंता देवावर सोडावी असे म्हणतात. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून मी त्यांच्याशी असहमत आहे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरनंतर दोनच दिवसांनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात, तेव्हाच्या चांद्यात, धम्मदीक्षा दिली, आणि ज्या बुद्धाकडे त्यांनी या जिल्ह्यातील सहस्रावधी माणसांना वळविले, त्याने सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला केलेल्या उपदेशात मिळकतीचे चार भाग करावयास सांगितले आहे : एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी, आणि चौथा आपत्तीच्या काळासाठी राखून ठेवण्यासाठी. मधमाशीप्रमाणे फुलाला न दुखविता गोळा करावे, आणि वारूळ वाढते तशी कणाकणाने संपत्ती वाढावी, असेही त्यात आले आहे. वारूळ काय असते हे आमच्या रानातल्या माणसाला सांगावे लागत नाही. एकाही मुंगीचे ते नसते, आणि पावसाळ्यात सगळ्यांना पुरते. उलट, नुसत्या साठवणीचे दुसरे टोकही आमच्याच रानात आहे. मानवेल बांबू कित्येक दशके आपल्या मुळांत साठवीत राहतो, आणि एके वर्षी रानच्या रान एकदम फुलावर येऊन सर्वस्व बीजात ओतते व वाळून जाते. कोणासाठी साठविले, हे त्या बीजावरून कळते.

म्हणून उत्तम खात्याची माझी व्याख्या हळूहळू बदलत गेली. माझी शिल्लक माझ्या हातात नसताना ती कोणाच्या कामी येते, आणि मला गरज पडेल त्या घडीला ती माझ्या हाती परत येते काय, हे दोन प्रश्न मी दराच्या आधी विचारू लागलो आहे. मेंढा (लेखा) गावाने २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळविला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार तेथील ग्रामसभेच्या हाती आला. पुढे त्या गावाने ग्रामदानही स्वीकारले. विनोबांच्या ग्रामदानाच्या कल्पनेत ग्रामकोष असतो. पिकवणाऱ्याने उत्पन्नाचा चाळिसावा भाग आणि मजुराने महिन्यातून एका दिवसाची कमाई त्यात घालावयाची. त्या कोषाचा दर काय, असे कोणी विचारले तर त्याला टक्क्यांत उत्तर देता येणार नाही. सगळ्या गावांना हे साधेल असे मी म्हणत नाही. मेंढ्याची ती अनेक वर्षांची, एकमताने निर्णय घेण्याची तपश्चर्या आहे. त्याहून साधी गोष्ट गावोगावच्या महिला बचत गटांत चालते. दहाबारा बाया दरमहा शंभर-दोनशे रुपये घालतात, त्यांतून आपसांत शेकडा एक किंवा दोन व्याजाने उचल देतात, आणि ते व्याज गटाच्याच पेटीत परत येते. वर्षाला ते बारा किंवा चोवीस टक्के होते, हे मला ठाऊक आहे, आणि कौटिल्याच्या सव्वाच्या आतबाहेरच ते पडते. पण देणारी आणि घेणारी एकाच सतरंजीवर बसलेली असतात. व्याज देणारीला घेणारी दिसते. देणारीची गाय व्यायली की नाही, तिच्या बांधीत पाणी आहे की नाही, हे घेणारीला माहीत असते, आणि हप्ता मागताना त्या माहितीचा विचार होतो.

मी नातवाला जे सांगितले ते असे. अडीअडचणीला लागेल तेवढी रक्कम गावच्या डाकघरात राहू दे; आजीचे वय साठाच्या पुढे आहे, तेव्हा पुढे शिल्लक वाढली तर डाकघराच्याच ज्येष्ठ नागरिकांच्या योजनेत, जिचा दर साध्या खात्याच्या दुपटीहून अधिक आहे, काही भाग घाल; जेथे विम्याचे संरक्षण नाही तेथे, कोणी कितीही सांगितले तरी, ठेवू नको. त्याने ते फोनमध्ये टिपून घेतले.

मे महिन्यात तेंदूपाने गोळा होतात त्या फळीवर बाई पुन्हा भेटल्या. पुडके मोजून देऊन सावलीला बसल्या होत्या. त्यांनी ३६० रुपये खात्यातून काढले होते, नऊ हजार तसेच ठेवले होते. साठ रुपये आंब्याच्या पंडुमाच्या वर्गणीत दिले, आणि तीनशे बचत गटात तीन महिन्यांचे आगाऊ भरले, असे त्यांनी सांगितले. गटातल्या एका बाईला बियाण्यासाठी उचल हवी होती, तिला त्यातलेच पैसे गेले.

‘‘मंग त्याचंही व्याज येईन का जी?’’ त्यांनी विचारले.

‘‘येईल ना, माय. शेकडा एक. वर्षाच्या शेवटी तुमच्या वाट्याला येईल.’’

त्यांनी पदराने घाम पुसला, पुढ्यातल्या पुडक्यांची दोरी पुन्हा एकदा आवळली, आणि म्हणाल्या, ‘‘मंग हे त सरतच नाही जी, गुरुजी.’’